नसलेली दोन भोकं

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी बायकोचा थोरला भाऊ त्यांना चिकटरावच म्हणायचा. हे नाव पहिल्याच भेटीत पडलं होतं. काय करता, असं विचारल्यावर नवऱ्या मुलाने सरळपणे सांगितलं होतं की गाड्यांवर पट्टे, अक्षरं, बिल्ले लावतो आणि कुणाला नको असतील तर काढून देतो. त्यावर दादा म्हणाले होते, "म्हणजे चिकटवाचिकटवी." दादा दातांचे डॉक्टर. ज्यांनी जन्मभर लोकांच्या तोंडात सिमेंट भरलं, त्यांनी दुसऱ्याच्या डिंकाला नाकं मुरडावीत, हे चिकटरावांना फार लागलं होतं. बोलले मात्र एकदाही नाहीत. आपणही त्यांना चिकटरावच म्हणू, कारण पुढे सगळे तेच म्हणायला लागले.

त्यांची इच्छा काही मोठी नव्हती. दादांनी एकदा, फक्त एकदा, चारचौघांत म्हणावं की या माणसाच्या हातात कसब आहे. एवढ्यासाठी त्यांनी दादांच्या तीन गाड्यांना हौसेने पट्टे लावून दिले होते. तिन्ही वेळा दादांनी लांबून बघून "बरं दिसतंय" म्हटलं होतं.

दवाखाना बंद केल्यावर दादांनी आयुष्यातली एकुलती चैन केली. गर्द निळ्या रंगाची, दोन दारांची, जुनी वेगवान गाडी घेतली. तशा गाड्या कंपनीने मोजक्याच काढल्या होत्या. साध्या मॉडेलपेक्षा तिचं इंजिन जास्त जोराचं, स्प्रिंगा जरा कडक, बाजूने दोन पांढरे पट्टे आणि डिकीवर बोटभर लांबीचा एक चंदेरी बिल्ला. त्या बिल्ल्यासाठी शौकीन लोक जीव टाकायचे. दादांनी गाडी कधी चाळिसाच्या पुढे नेली नाही, त्यामुळे इंजिनाचा जोर अजमावायची वेळच आली नाही. रोज सकाळी मऊ फडक्याने ते तिला पुसत, आणि वहिनी म्हणत की एवढ्या प्रेमाने यांनी मला कधी विचारलंही नाही.

गाडीवाल्यांचा एक क्लब होता. दर रविवारी सगळे गाड्या घेऊन मैदानात जमत आणि एकमेकांच्या गाड्यांभोवती फेऱ्या मारत. दुसऱ्याला बॉनेट उघडायला सांगणं तिथे असभ्य समजलं जाई. नव्या अध्यक्षांनी अलीकडे साधेपणाचं खूळ काढलं होतं. खऱ्या गाडीला नावाची गरज नसते, बिल्ले काढून टाका, ज्याला कळतं त्याला कळतं. दादांना हे इतकं पटलं की मंगळवारी ते गाडी घेऊन चिकटरावांच्या दुकानात हजर झाले. आपल्याला मिरवायची आवड नाही, हे त्यांनी वाटेत शेजारच्या टायरवाल्यालाही थांबून सांगितलं.

"हळू हं," दादा स्टुलावर बसून म्हणाले. "रंगाला काही व्हायला नको."

चिकटरावांनी गरम हवेचं यंत्र सुरू केलं. पट्ट्याचं एक टोक ऊब देऊन मऊ केलं, नखाने उचललं आणि हळूहळू, पत्र्याला लगटून ओढत नेलं. अख्खा पट्टा सलग निघाला. असा सलग पट्टा काढणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत, पण दादा तेव्हा फोनवर बोलत होते. दोन्ही बाजूंचे पट्टे निघाल्यावर त्यांना भूक लागली आणि ते जेवायला घरी गेले.

बिल्ल्याचं काम त्यांच्या पाठीमागे झालं. मासे पकडायचा दोरा बिल्ल्याच्या आणि पत्र्याच्या फटीत घालून चिकटरावांनी करवतीसारखा पुढेमागे ओढला. डिंक सुटला आणि बिल्ला हातात आला. खाली काय असणार, हे त्यांना ठाऊक होतं. कंपनीचा बिल्ला दोन खुंट्यांवर बसतो, म्हणजे पत्र्याला दोन भोकं हवीत. पण पत्रा सलग, गुळगुळीत होता. भोकं नव्हतीच. होता तो डिंक, आणि डिंकाच्या दोन पट्ट्यांच्या मधे मेणाच्या पेन्सिलीची एक पांढरी रेघ. रेघेच्या डाव्या टोकाला बारीक आकडी होती.

चिकटरावांनी रेघेजवळ वाकून बघितलं. ते डावखुरे. रेघ ओढून हात उचलताना त्यांच्याकडून टोकाला अशी आकडी पडते, अजूनही. त्यांचे उस्ताद यावरून रोज बोलत. रेघ पुसून मग बिल्ला लाव, हेही रोज सांगत. चिकटरावांनी ते कधी ऐकलं नाही, कारण बिल्ल्याखाली कोण बघतंय.

आता स्वतःच बघत होते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी उस्तादांच्या दुकानात एक माणूस साधी निळी गाडी आणि कागदात गुंडाळलेला बिल्ला घेऊन आला होता. हौस म्हणून लावा म्हणाला. उस्ताद कुरकुरले, आणि काम चिकटरावांच्या अंगावर पडलं. धडधाकट पत्र्याला भोकं पाडायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी बिल्ल्याच्या खुंट्याच पक्कडीने तोडल्या आणि तो नुसता डिंकावर बसवला. त्यांनी बिल्ला उलटा केला. मागे दोन तुटके खुंट होते. दादांची खरी, दुर्मिळ, मोजक्यांतली गाडी साधीच होती, आणि तिला खरी करणारे खुद्द चिकटराव होते.

आधी त्यांना हसू आलं. दादांची पंचवीस वर्षांची टिंगल एका वाक्यात फिटली असती. मग लक्षात आलं की त्याच वाक्यात ते स्वतःही सापडत होते. आणि रोज सकाळचं ते मऊ फडकं डोळ्यांसमोर आलं तेव्हा वाईटच वाटलं.

दुपारी डबा घेऊन बायको आली, तिला त्यांनी सगळं सांगितलं. तिने वाकून ती रेघ बघितली.

"दादाला सांगू नका," ती म्हणाली. "आणि खोटंही बोलू नका."

"मग करू काय?"

"ते मला काय विचारता? आकडी तुमची आहे."

चिकटरावांनी रेघ पुसली, डिंक काढला. बिल्ल्याखालचा रंग आजूबाजूपेक्षा गडद राहिला होता, तो पॉलिशने दुपारभर घासून एकसारखा केला. संध्याकाळी दादांनी लांबून बघितलं, "बरं झालंय" म्हणाले आणि गाडी घेऊन गेले. विषय मिटला असं चिकटरावांना वाटलं.

सोमवारी सकाळी दादा दुकानात शिरले ते हात पसरूनच. मागोमाग क्लबचे अध्यक्ष आणि त्यांची तसलीच, पण अस्सल गाडी. झालं असं होतं की रविवारी अध्यक्षांनी दादांच्या डिकीवरून हात फिरवला आणि ते चकित झाले. इथे दोन भोकं असतात, ती गेली कुठे? दादांना भोकं असतात हेच माहीत नव्हतं, पण ते अडखळले नाहीत. आमच्या मेहुण्यांनी बुजवली, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. चाळीस माणसांनी एकेक करून हात फिरवला आणि मग टाळ्या वाजवल्या. भोकं दिसतील म्हणून अध्यक्षांनी स्वतःचा बिल्ला अजून काढलाच नव्हता, त्यांनाही आता तसंच काम हवं होतं.

"चारचौघांत सांगितलं मी," दादा म्हणाले. "म्हटलं, या माणसाच्या हातात कसब आहे."

शब्दसुद्धा तेच होते. चिकटरावांना ते घेता येईना. ते म्हणाले की मी तसं काही केलेलं नाही. दादांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि नम्रता पुरे झाली म्हणाले.

अध्यक्षांच्या डिकीवरचा बिल्ला निघाला तेव्हा दोन भोकं चिकटरावांकडे टकामका बघत होती. सहा दिवस त्यांनी जिवाचं रान केलं. पत्र्याच्या आतल्या बाजूने ठिगळ बसवलं, वरून शिसं भरलं, घासलं, सात वेळा रंग मिसळून सात वेळा नापास केला. आयुष्यात त्यांनी याहून चांगलं काम केलं नव्हतं. शनिवारी दोन्ही गाड्या दुकानासमोर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

अध्यक्षांनी डोळे मिटून आपल्या डिकीवरून बोट फिरवलं.

"फार सुंदर," ते म्हणाले. "पण बोटाला किंचित लागतं."

मग दादांच्या डिकीवरून फिरवलं. पुन्हा फिरवलं. नंतर त्यांनी डिकी उघडली, वाकले आणि आतल्या बाजूने पत्रा चाचपला. आत ठिगळ नव्हतं, शिसं नव्हतं, काहीच नव्हतं. ते सावकाश सरळ झाले आणि चिकटरावांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"साहेब, खरं सांगतो," चिकटराव म्हणाले. "दादांच्या गाडीला..."

"थांबा," दादा म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. "कळलं मला. त्यांच्या गाडीला लागतं आणि माझ्या गाडीला लागत नाही. का ते सांगायला नको. माझ्या गाडीत तुम्ही जीव ओतलात. पंचवीस वर्षं मी काहीबाही बोललो आणि तुम्ही ते मनात ठेवलं नाहीत."

अध्यक्षांनी एकदा दादांकडे बघितलं, मग डिकी अगदी हळू, आवाज न करता बंद केली.

"घरच्या माणसाचं काम वेगळंच असतं," ते म्हणाले, आणि आपल्या गाडीत जाऊन बसले.

दादांनी चिकटरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना खऱ्या नावाने हाक मारली. दारात उभ्या बायकोने पदर तोंडाला लावला, हसू आवरायला की रडू, ते चिकटरावांना कळेना. त्यांना एवढंच वाटलं की चिकटरावच बरं होतं, त्या नावाला ते निदान लायक होते.