नरम दांड्याची काठी

दोन हजार चार साली आमचं झेंडूचं रान गोल्फच्या मैदानाला लागून होतं. मैदानातून रानाकडं पाहिलं की डाव्या अंगाला निंब, उजव्या अंगाला आंबा. मधल्या कुंपणावर उंच जाळी बांधायचं मैदानवाल्यांचं दोन वर्षं नुसतं बोलणंच चाललं होतं. त्यामुळे चेंडू कुठं पडतो हे आम्हा फुलं तोडणाऱ्या बायांनाच ध्यानात ठेवावं लागे.

सकाळी खेळायला एकटे खंडेराव साहेब यायचे. वय सत्तरीचं, हात थकलेले, पण काठ्या तरण्याताठ्या वयातल्या. त्यांचा चेंडू जास्त वर चढायचाच नाही आणि दर वेळी आंब्याकडे यायचा. म्हणून माझ्या रुद्रची झोळी मी निंबाला बांधायची. सहा महिन्यांचं लेकरू, दुसरीकडे ठेवणार कुठं?

माझा नवरा सहादू साहेबांची बॅग उचलायचा. दसऱ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, “साहेबांच्या लेकीनं नव्या काठ्या धाडल्यात. दांडे नरम हायेत.”

“मग?”

“जुना दांडा कडक. त्यांच्या हाताला वाकायचा नाय. काठीचं तोंड उघडं राहायचं, चेंडू खालून उजवीकडं सुटायचा. नवा दांडा वाकून झपकन पुढं येतो, तोंड मिटतं. चेंडू लय उंच जातो, अन् डावीकडं.”

डावीकडे म्हणजे निंब. माझा घास हातातच राहिला. तोही पुढे काही न बोलता ताटावरून उठला. आमचं हे असंच. भीती वाटली की दोघंही गप्प बसायचो आणि आपापल्या मनाशी ठरवून मोकळे व्हायचो.

सकाळी तो माझ्या आधी गेला. मी रानात आले, निंबाची झोळी सोडली आणि आंब्याला बांधली. गाठ दोनदा मारली. सावली दाट होती, रुद्र लगेच झोपला. मला माझंच कौतुक वाटलं. टेम्पो यायच्या आत सरी उरकायची म्हणून मी तोडायला लागले, पण कान मैदानाकडेच होते. निंबाखाली चेंडू पडायची मी वाट पाहत होते. तो पडेना.

मग काठीचा आवाज आला. कोरडा, ओळखीचा. मान वर केली तर चेंडू कुंपणावरून जेमतेम निसटून आंब्याकडे चालला होता. मी धावले आणि सरीत पाय अडकून पडले.

सहादू कुंपण ओलांडून आला तो आधी निंबाकडे धावला. तिथं झोळी दिसली नाही तेव्हा जागीच थांबला. साहेबांची जुनी काठी त्याच्या हातात होती.

दवाखान्याच्या पायरीवर तो एवढंच बोलला. “झोळी निंबाला असंल, म्हणून मीच साहेबांना विनवलं. म्हणलं, आज जुन्याच काठ्या काढा.”



जाळी त्याच दिवाळीत बांधली. लेकराचं डोकं फुटल्याशिवाय मैदानवाल्यांना दोरी सापडत नव्हती.

रुद्र वाचला. आता पहिलीत जातो, पण डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. सहादू त्याच्याशी बोलायला नेहमी उजव्या बाजूला जातो. मी मात्र रोज एकदा तरी डावीकडून हळूच हाक मारून बघते. तो तसाच पुढे चालत राहतो.