नाशिकचं फोल्डर

२००७ सालची गोष्ट. काल्हेरच्या एका औषधांच्या गोदामात पूर्वी भोईर ऑफिस सांभाळायची. दिघाशीहून रोज यायची. वय अठ्ठावीस, हाताखाली तिघं: मनाली, प्रितेश आणि नूर मोहम्मद चाचा. ऑर्डरी ईमेलवर यायच्या आणि चारही कॉम्प्युटरवर आपापल्या पासवर्डने तेच एक सामाईक खातं उघडायचं. डाव्या बाजूला गावांच्या नावांची फोल्डरं एकाखाली एक: जळगाव, नाशिक, पुणे, सुरत. ज्या गावची ऑर्डर, ती आपोआप त्या फोल्डरात पडायची. गावं चौघांत वाटलेली होती.

गुरुवारी सकाळी नाशिकच्या एका हॉस्पिटलातून फोन आला. मंगळवारी मागवलेलं डायलिसिसचं सामान अजून पोचलं नव्हतं.

“ताई, उद्या सकाळी नऊला अकरा पेशंट बसायचेत,” पलीकडची नर्स म्हणाली.

पूर्वीने स्क्रीनकडे बघितलं. जळगावच्या खाली थेट पुणे. नाशिक नव्हतंच! दोन दिवस चार माणसं त्या यादीवरून नजर फिरवत होती आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

तिने फोनवरच ऑर्डर लिहून घेतली, टेम्पो भरवला आणि अर्ध्या तासात पडघ्यामार्गे नाशिकला पिटाळला. सामान संध्याकाळी पोचलं. तोवर हेड ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागातल्या मितेशने फोल्डर शोधून काढलं होतं. ते जळगावच्या पोटात जाऊन बसलं होतं.

“कुणाच्या तरी माउसने ओढलं गेलंय,” तो फोनवर म्हणाला. “एकाने ओढलं की सगळ्यांकडचं हलतं. कुणी ओढलं ते नाही सांगता येत.”

पूर्वीची नजर सरळ नूर मोहम्मदांकडे गेली. तीस वर्षं कापड विणायच्या लूमवर काढलेला माणूस. लूम विकले गेले तसे सहा महिन्यांपूर्वी इथे लागले होते. माउसचं बटण दाबलं की सोडायलाच विसरायचे.

“चाचा, तुमच्या हातून झालं असणार.”

“म्याडम, मी नाशिकला हात लावला न्हाय. माझ्याकडं सुरत हाय.”

“मुद्दाम केलंत असं नाही म्हणत मी.”

“मुद्दाम न्हाय आनि चुकून बी न्हाय,” ते म्हणाले. आवाज चढला नाही, पण चेहरा उतरला.

पूर्वीने सुरत मनालीकडे दिलं आणि चाचांना गेटपासची वही दिली. ते दाराजवळच्या टेबलावर जाऊन बसले. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांबरोबर डबा उघडायचे, तेही बंद झालं.

आठवडाभराने ते एका पासवर सही घ्यायला पूर्वीच्या टेबलाशी आले. ती फोनवर होती. रिसीव्हर खांद्यात दाबलेला, एक हात माउसवर, डोळे पुढ्यातल्या कागदावर. फोन ठेवला तसे चाचा हळूच म्हणाले, “म्याडम, सुरत गेलं.”

“कुठे गेलं?”

“पुण्याच्या आत. आत्ताच. तुमच्या हातनं.”

तिने पुणे उघडलं. सुरत आत होतं.

तिला आठवलं. त्या मंगळवारी सकाळी पडघ्याला गाडी अडकली होती, तेव्हाही ती अशीच फोनवर होती. अर्धा तास. आत्ता माउसने एकदा ओढलं असतं तर सुरत जागेवर आलं असतं. पाहणारे एकटे चाचा, आणि ते तर पास घेऊन दाराकडे वळलेही होते.

“चाचा, थांबा,” ती म्हणाली. मग मनालीला आणि प्रितेशला हाक मारली. “हे बघा, सुरत मी पुण्यात टाकलंय. मला पत्ताही लागला नाही. नाशिकचंही मीच केलं असणार. चाचा, मी तुमच्यावर उगाच आळ घेतला. माफ करा.”

चाचा गडबडले. “जाऊ द्या, म्याडम. होतं असं.”

तिने तिथूनच मितेशला फोन लावला.

“मी सगळ्यांना मेल टाकतो, जपून वापरा म्हणून,” तो म्हणाला.

“जपून तर मीही वापरत होते.”

चाचा शेजारीच उभे होते. “लूमवर धागा तुटला की लूम आपसूक थांबतो,” ते म्हणाले. “कारागिराला नुसतं जपून ऱ्हा सांगून भागत न्हाय.”

पूर्वीने त्यांच्याकडे बघितलं आणि फोनवर विचारलं, “फोल्डर हलवताच येणार नाही, असं काही करता येईल?”

“येईल की. वाचता येईल, उत्तर देता येईल, पण फोल्डर हलणार नाही, पुसलंही जाणार नाही. तुमचा अधिकार तेवढा ठेवतो, इन्चार्ज आहात.”

“माझा आधी काढा.”

दुपारी मितेशचा फोन आला, काम झालं म्हणून. पूर्वीने चाचांना आपल्या खुर्चीत बसवलं. “ओढा आता सुरत.”

त्यांनी बिचकत ओढलं. स्क्रीनवर चौकट आली: तुम्हाला ही परवानगी नाही. सुरत जागच्या जागी. त्यांनी पुन्हा ओढलं, मग जळगाव, मग पुणे. एकही ढिम्म हललं नाही. चाचा मोठ्याने हसले आणि प्रितेशला म्हणाले, “अरे, ये, तू बी ओढून बघ!”

सुरत त्यांच्याकडे परत आलं. मोडेल, हरवेल ही धास्ती गेली तसा त्यांचा हात मोकळा झाला. आधी एक मेल उघडायला चार वेळा विचारायचे. आता न विचारता जिथे-तिथे दाबून बघू लागले. दिवाळीच्या आसपास एका दुपारी ते स्वतःहून पूर्वीकडे आले.

“म्याडम, नाशिक बी देता का माझ्याकडं? सुरत बारापर्यंत उरकतं माझं.”

पूर्वीने नाशिकचं फोल्डर उघडलं आणि खुर्ची सरकवून त्यांना जागा करून दिली.