पंखाच्या पलीकडून

“उपाशी वाकळ कुनाच्या अंगावर घालू नये, राजे. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी तिच्या पोटात घास घालावा.”

आईचा हा आवाज चाळीस वर्षांपूर्वीचा. माहेरी, मन्नाएखेळ्ळीच्या अंगणात आई जुन्या लुगड्यांची घडी पसरून वाकळ शिवायला बसायची, शेवटच्या कोपऱ्यात जोंधळ्याचे पाच दाणे सोडायची आणि सुई ओढता ओढता गुणगुणायची –

दोऱ्या माझ्या दोऱ्या, नको तुटू अर्ध्या वाटी
थंडीवाऱ्याच्या राती, जाय धन्याच्या रं पाठी

“ओढ की गं! झोपलीस का काय?” पलीकडून माणिकप्पा म्हणाला.

राजूबाई भानावर आली. कापडातून हातभर लांब सुईचं टोक तिच्याकडे निघालं होतं. तिनं ते चिमटीत धरून ओढलं, चार बोटं सोडून पुन्हा आत खुपसलं आणि नवऱ्याकडे धाडून दिलं.

दोघांच्या मधे विमानाचा पंख उभा होता. सोळा फूट लांब, बसल्या माणसाच्या डोक्यावरून जाईल इतका उंच. आत हलक्या लाकडाच्या फासळ्या, दोन्ही अंगांनी पांढरं, पातळ कापड. माणिकप्पानं त्यावर गरम इस्त्री फिरवली तेव्हा ते असं आवळून आलं, की बोट मारलं तर शेकलेल्या हलगीसारखं वाजायचं. आता प्रत्येक फासळीला ते दोऱ्यानं बांधायचं होतं. सुई एकानं धाडायची, दुसऱ्यानं परतवायची. नवरा-बायकोला एकमेकांची तोंडं दिसत नसत. मावळतीचं ऊन शेडच्या दारातून आलं की कापडावर माणिकप्पाची सावली उमटे, आणि राजूबाई त्या सावलीशी बोलत बसे.

माणिकप्पानं बिदरच्या विमानतळावर एकतीस वर्षं फिटरचं काम केलं. दुसऱ्यांच्या विमानांचे पत्रे बसवले, रिबीट ठोकले आणि ती उडाली की कपाळावर हात धरून बघत राहिला. त्याची एकच इच्छा होती. आपल्या हातानं केलेल्या विमानात आपण बसायचं, एकदा आपल्या गावावरून, हळ्ळीखेडवरून फिरून यायचं. त्यापायी अकरा वर्षं मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमधे एकाच माणसाच्या बैठकीचं हे विमान आकार घेत होतं. रस्त्यावरून जाता-येता चनमल्लप्पा सावकार हाळी द्यायचा, “येन्री माणिकप्पा, कवा उडायलंय इमान? तवर आमच्या कोंबड्या उडून हैद्राबादला पोचतेत बगा!”

राजूबाईसुद्धा दहा वर्षं या शेडमधे पाऊल टाकत नव्हती. पण दिवाळीत एकदा जेवायला बोलवायला आली आणि नवऱ्यानं घातलेले टाके बघून कपाळावर हात मारला.

“अवो, ह्याला टाका म्हनतेत व्हय? पोत्याचं तोंड शिवल्यावानी करायलात. सरा तिकडं.”

ती बसली ती बसलीच. पहिला पंख संक्रांतीला झाला, दुसरा आता शिमग्याला होत आला. पस्तीस वर्षांच्या संसारात झालं नव्हतं एवढं बोलणं या चार महिन्यांत कापडाच्या आरपार झालं. नवऱ्याला दोडक्याची भाजी कधीच आवडली नव्हती, हे तिला आत्ता कळलं.

“मंग पस्तीस वर्सं कामून गिळलात?”

“तू वाढलीस म्हनून.”

सुई जायची, यायची. बाहेर तुरीच्या रानावर वारा लोळायचा आणि शेड जणू जमिनीपासून वीतभर वर तरंगायची.

फक्त एका गोष्टीवर सावली बोलत नसे. “कवा बसनार तुमी ह्यात?” असं तिनं विचारलं की पलीकडून नुसती सुई यायची. वर गेलेल्या माणसाच्या खाली काय असतं? नुसता वारा. हा पंख म्हणजेच त्याची वाकळ. म्हणून दुसऱ्या पंखाचं कापड चिकटवताना, माणिकप्पा डिंकाचा डबा आणायला गेला तेव्हा, तिनं टोकाच्या कोपऱ्यात जोंधळ्याचे पाच दाणे सोडले होते. घास घातला होता.

शेवटची फासळी तेवढी राहिली. पंख फिरवून उलटा उभा करायचा होता. दोघांनी दोन टोकं धरली, उचलला, आणि आत खळखळलं.

माणिकप्पा जागीच थांबला. त्यानं कान लावला, पंख हलवला. पुन्हा खळखळ.

“आत कायतरी सुटलंय. पंखाच्या हलत्या पट्टीच्या बिजागरीचा खिळा असंल न्हाईतर नट.” त्याचा चेहरा उतरला. “फाडावं लागतंय, राजू. सगळंच.”

“सगळं?”

“कुठला सुटलाय कळाया नको? तसंच वर गेलं अन् पट्टी मधीच अडकली तर माणूस खाली येतोय.”

त्यानं पेटीतून पातं काढलं. दोन महिन्यांचे टाके राजूबाईच्या डोळ्यांपुढे ओळीनं उभे राहिले. पातं कापडाला टेकणार तोच ती म्हणाली, “थांबा. खिळा न्हाई. दाणे हाईत. मी घातले.”

“कसले दाणे?”

“जोंधळ्याचे. पाच.” तिनं मान खाली घातली. “वाकळीला घालत्यात तसे. तुमी वर जानार... मला दुसरं काय येतंय?”

तिला वाटलं, आता ओरडेल. माणिकप्पानं पातं कापडावरून मागं घेतलं. मग त्यानं विचारलं, “कुठल्या कोपऱ्यात?”

तिनं बोट ठेवलं. तिथं त्यानं पोळीच्या चतकोराएवढी फट पाडली, पंख कलता केला. दाणे एकेक करून तिच्या ओंजळीत पडले. तिनं मोजले. पाचही होते.

“दाण्याला उंदीर येतोय, राजू. आतली तार कुरतडली तर?”

“चुकलं माजं.”

“ठिगळ लाव. तुला बरं जमतंय.”

ठिगळ लावून झालं. पुन्हा दोघं दोन बाजूंना बसले. उन्हं आली, सावली उमटली. शेवटच्या फासळीचे टाके सुरू झाले. मधेच सुई अर्धी येऊन थांबली.

“मी बसनार असतो ना,” सावली म्हणाली, “तर दाणे तसेच ठिवलो असतो. दुसऱ्याचं लेकरू बसनार हाय.”

“म्हंजे?”

“सरावनात हैद्राबादला गेलतो, कागदाचं काम हाय म्हनून. तपासनी होती. डॉक्टर न्हाई म्हनले. काळजाचा ठोका चुकायलाय म्हने. खाली चालतंय, वर न्हाई. बिदरची एक पायलट पोरगी हाय. तिला सांगून ठिवलोय. ती उडवील.”

राजूबाईनं बोटांवर महिने मोजले. “सरावनात? अवो, आपन शिवायला बसलो दिवाळीत!”

“व्हय.”

“मंग कामून सांगितला न्हाईत?”

वारा शेडच्या पत्र्यावरून सरकत गेला. कापड किंचित थरथरलं.

“सांगितलो असतो तर तू म्हनली असतीस, बास झालं आता. अन् उठून गेली असतीस,” माणिकप्पा म्हणाला. “तू समोर बसून बोलायलीस, राजू. मला पंख संपूच नये वाटायलं.”