निळं मेण

योरुनच्या जुन्या स्की आमच्या क्लबाच्या भिंतीवर टांगायच्या असं मार्चच्या सभेत ठरलं. वर स्की, खाली तिचे धावायचे बूट, मध्ये पाटी. पाटीवर आधी काय लिहायचं, स्कीपटू की धावपटू, यावर अर्धा तास वाद झाला, कारण आमच्या खोऱ्यात याबद्दल कधीच एकमत नव्हतं. शेवटी दोन्ही लिहायचं ठरलं. मग सगळे माझ्याकडे वळले. "ओड्वार, रविवारी चार शब्द तू बोल."

मी हो म्हणालो. काय बोलायचं ते मला त्रेचाळीस वर्षांपासून माहीत होतं.

योरुन माझी बायको. नोव्हेंबरात गेली. वसंत ऋतूत पोट दुखायला लागलं आणि शरद संपायच्या आत सगळं आटोपलं. तिची सरावाची वही अजून स्वयंपाकघरातल्या खिडकीत आहे. तेराव्या वर्षापासून रोज एक ओळ लिहायची तिची सवय. शेवटची ओळ अशी आहे: "टपालपेटीपर्यंत चालले. १४ मिनिटं. वारा समोरून." टपालपेटी आमच्या फाटकापासून दोनशे मीटरवर आहे.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी फेब्रुवारीत संघनिवडीची शर्यत होती. दहा किलोमीटर, एकच मोठी फेरी. पहिल्या चौघी जागतिक स्पर्धेला जाणार होत्या. योरुन तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि त्या हिवाळ्यात ती कधी तिसरीच्या खाली आली नव्हती. आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. क्लबात स्कीला मेण लावायचं काम माझ्याकडे होतं.

सगळं त्या मेणावर असतं. पायाखालच्या हातभर पट्ट्यावर मेण बरोबर लागलं तर चढावर स्की बर्फ धरते. चुकलं तर मागे घसरते, मग पाय कितीही चांगले असोत. त्या आठवड्यात वाट विरघळून पुन्हा गोठली होती, काचेसारखी. अशा बर्फाला ट्यूबमधलं चिकटमेण लागतं. ते मधासारखं असतं, दाराच्या मुठीला लागलं तर वसंतापर्यंत निघत नाही. पण त्याच्याखाली आधी हिरव्या मेणाचं अस्तर इस्त्रीनं बसवावं लागतं. नाहीतर टणक बर्फ सगळं चिकटमेण सात-आठ किलोमीटरांत खाऊन टाकतो.

आदल्या संध्याकाळी मी दोन तास त्या स्कींवर घालवले. खोलीत आणखी चौघे होते, गप्पा चालल्या होत्या, कोणीतरी कोणाच्या तरी सासूची नक्कल करत होता. सकाळी बोटाच्या पेराएवढा नवा बर्फ पडलेला होता. मी योरुनला म्हणालो, "हे पीठ आहे नुसतं. उडून जाईल. चिकटमेणच." ती म्हणाली, "बरं." मग मी वेळ ओरडून सांगायला सातव्या किलोमीटरच्या चढावर चालत गेलो.

शर्यतीत एकेकीला अर्ध्या मिनिटाच्या अंतरानं सोडतात; ती एकेचाळिसावी सुटली होती. माझ्यासमोर आली तेव्हा बाकीच्या सरळ चढत होत्या आणि ती स्की फाकवून, काठ्यांवर सगळा भार टाकून चढत होती. डावी स्की दर पावलाला मागे जात होती. मी वेळ ओरडायला विसरलो. त्याच क्षणी माझ्या मनात आलं की डाव्या स्कीला मी अस्तर लावलं होतं का. खूप आठवायचा प्रयत्न केला. उजवी आठवत होती. डावी आठवत नव्हती.

ती नववी आली.

मी तिला काही सांगितलं नाही. त्या दिवशी सांगणं शक्य नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी सांगायचं तर आदल्या दिवशी का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. वहीत तिनं लिहिलं: "नववी. बर्फ बदलला." ती ओळ मी तिच्या नकळत कितीदा वाचली असेल. मला वाटायचं, ती माझी चूक झाकतेय.

त्यानंतर तिनं माझ्या हातात स्की दिली नाही. "तू खूप केलंस, आता माझं मी बघेन," म्हणाली. ती जोडी तिनं शेडमध्ये वर खिळ्याला टांगली, तळ भिंतीकडे करून, आणि नवी घेतली. पण त्या वसंतात ती रस्त्यावर धावायला लागली आणि पुढच्या हिवाळ्यात क्लबाच्या शर्यतींपलीकडे कुठे उतरलीच नाही. कोणी विचारलं की म्हणायची, "पायांना मेण लागत नाही." लोक हसायचे. मी पण हसायचो आणि मला वाटायचं, हा टोमणा मला आहे.

पुढे जे झालं ते खोऱ्यात सगळ्यांना पाठ आहे. दहा हजार मीटरला देशात तीनदा पहिली. एकतिसाव्या वर्षी, आमची मुलगी सुनिव्हा दोन वर्षांची असताना, परदेशात मॅरेथॉनला तिसरी. तिच्या नावाचा पंचवीस किलोमीटरचा विक्रम सहा वर्षं टिकला. लोक मला म्हणायचे की बघ, त्या नवव्या क्रमांकानं तिचं भलंच झालं. मी मान हलवायचो. पण हिवाळ्यात पहिला बर्फ पडला की ती खिडकीशी उभी राहायची आणि मी दुसऱ्या खोलीत जायचो.

रविवारी मी हेच सांगणार होतो. तिला सांगायचं राहिलं, निदान तिच्या माणसांना तरी सांगावं.

शनिवारी सकाळी मी शेडमध्ये जाऊन स्की खाली काढल्या. टांगायच्या आधी पुसाव्यात म्हणून बाकावर उलट्या ठेवल्या. तळ निळा होता.

मला आधी वाटलं धूळ आहे. अंगठा घासला. वाळलेलं, टणक मेण, डबीतलं निळं, जे ताज्या कोरड्या बर्फाला लावतात. चिकटमेण कुठेच नव्हतं. मग मधल्या खोबणीच्या कोपऱ्यात ते सापडलं, केसाएवढं. इतक्या वर्षांनीही बोटाला चिकटलं. डाव्या स्कीच्या त्याच कोपऱ्यात मी चाकूचं टोक घातलं. चिकटमेणाच्या खाली हिरवं होतं.

अस्तर होतं. डावीला पण होतं.

मी तिथेच उभा होतो तेव्हा तुरिड आली. तुरिड आणि योरुन पहिलीपासून एका बाकावरच्या, एका क्लबातल्या, आणि त्या शर्यतीतही दोघी होत्या. ती खिळे आणि कॉफीचा थर्मास घेऊन आली होती.

"दार उघडं टाकून काय करतोयस? उकडतंय का तुला?"

"हे निळं आहे," मी म्हणालो.

"असेल. मग?"

"मी निळं लावलं नव्हतं."

तुरिडनं थर्मास खाली ठेवला आणि ती लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसली.

"म्हणजे तिनं तुला सांगितलंच नाही," ती म्हणाली. "शेवटी तरी सांगेल असं मला वाटलं होतं."

"काय सांगेल?"

"तू चढावर गेलास ना, तेव्हा खरवडलं तिनं. मेणाच्या खोलीच्या मागे, मुतारीच्या आडोशाला. मी पहाऱ्याला उभी. नवा बर्फ पडत होता, आम्हाला वाटलं पडतच राहील. तुझं ते चिकटमेण निघता निघेना. रॉकेल लागलं. रडकुंडीला आली होती."

"का पण?"

"मीच म्हणाले तिला, निळं लाव." तुरिडनं हातमोजे काढले आणि मांडीवर सरळ केले. "मी माझं पण खरवडलं. मी बाविसावी आले, मला कोण विचारतंय. पण ती सुटेपर्यंत आधीच्या चाळीस जणींनी तो नवा बर्फ झाडून नेला होता. खाली काच. तू म्हणाला होतास तश्शीच."

"आणि तुम्ही दोघी गप्प बसलात."

"तिनं शप्पथ घातली. म्हणाली, ओड्वारनं दोन तास घासून लावलं होतं, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. त्याला कळलं तर मी त्याच्या तोंडाकडे बघू शकणार नाही."

मी बाकाला टेकलो.

"पायांना मेण लागत नाही म्हणायची ती," मी म्हणालो.

"हो ना. मला पण म्हणायची, डबी हातात दिली की मी गाढवासारखी वागते, म्हणून आपले पायच बरे." मग ती माझ्याकडे नीट बघायला लागली. "ओड्वार. तुला काय वाटत होतं?"

मी सांगितलं. अस्तराचं, डाव्या स्कीचं, सगळं. सांगायला फारसा वेळ लागला नाही. तुरिड ऐकत होती आणि तिचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

"एका पलंगावर झोपत होतात ना तुम्ही?" ती म्हणाली. "त्रेचाळीस वर्षं?"

"पंचेचाळीस."

"माझ्या शेळ्या तुमच्यापेक्षा जास्त बोलतात."

मला हसू आलं. नोव्हेंबरपासून आलं नव्हतं, त्यामुळे ते नीट निघेना, खोकल्यासारखं निघालं. मग मी खरंच रडलो, आणि तुरिडनं मला झाकणातून कॉफी दिली. ती फार गोड होती. तुरिड नेहमीच फार साखर घालते.

रविवारी सुनिव्हा मला घ्यायला आली. ती शहरात शिकवते. गाडीत मी तिला सांगितलं, तर तिनं गाडी बाजूला घेतली.

"म्हणजे आई चुकली होती?" ती म्हणाली. "आपली आई?"

"हो."

"बाबा, तिनं मला आयुष्यभर ऐकवलंय, हवामान बघितल्याशिवाय घराबाहेर पडू नये." ती माझ्याकडे वळली. "आणि तू इतकी वर्षं ते घेऊन फिरत होतास?"

"आता नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

क्लबात तीसेक माणसं होती. भट्टीजवळ वाफल, आमच्याकडची जाळीदार गोड धिरडी, भाजत होते. स्की टांगलेल्या होत्या, यावेळी तळ लोकांकडे. मी ते मेण काढलं नव्हतं. मला भाषण येत नाही, म्हणून जे होतं ते सांगितलं. संध्याकाळ, इस्त्री, सातवा किलोमीटर, आणि शनिवारची सकाळ. शेवटी म्हणालो, "तिनं चुकीचं मेण लावलं. मी बरोबर लावलं होतं. एवढंच. आणि ती चांगली धावायची."

मग मागून म्हातारा हालग्रिम, जो त्या दिवशी घड्याळ धरून होता, म्हणाला, "मला विचाराल तर निळंच बरोबर होतं. नशीब वाईट."

"कसलं निळं?" दुसरा कोणीतरी म्हणाला. "निळ्याला जास्त थंडी लागते. उणे दोनच होतं."

"उणे चार होतं. माझ्याकडे लिहून ठेवलंय."

"तुझं तापमापक गोठ्याला लावलेलं होतं, हालग्रिम. गाईचं तापमान सांगायचं ते."

पाच मिनिटांत सगळी खोली दोन बाजूंना झाली. एकजण उठून योरुनच्या स्कीचा तळ नखानं खरवडायला गेला, तुरिडनं त्याच्या हातावर मारलं. मला कोणी काही विचारलं नाही, कोणी खांद्यावर हात ठेवला नाही. तापमान काय होतं यावर सगळे भांडत होते, आणि ती चूक की बरोबर हे त्यावर ठरत होतं. ती असती तर सगळ्यांत मोठा आवाज तिचाच असता. आणि ती निळ्याच्या बाजूनं बोलली असती, याबद्दल मला शंका नाही.

मी एक वाफल खाल्लं. मग आणखी एक घेतलं, आमच्याकडचं गोडसर तपकिरी चीज जास्त घालून.

चार वाजता सुनिव्हा कोट घालून आली. "बाबा, निघायचं ना? अंधार व्हायच्या आत?"

"जरा थांब," मी म्हणालो. हालग्रिम पुन्हा उणे चारावर आला होता, आणि त्या दिवशी चढावर मी उभा होतो, तो नव्हता.