तट्ट्याची वीण

“पुट्टी लावशील तं पाहून घेईन, वारलू!” सोमाजी मिस्त्री चौकातल्या शिल्पाला पाठ लावून उभा होता. मी रंगारी, हातात पुट्टी ओढायचा पत्रा. भर सकाळी आमची ही शोभा!

शिल्प म्हणजे तिरपे तीन ठोकळे, एकमेकांवर रेललेले. ना देव, ना पुढारी. “हे काय होय गा?” असं कुणी विचारलं की मिस्त्री म्हणायचा, “काईच नोहोय. पाहा न् जा.” जन्मभर लोकांचे संडास बांधलेल्या माणसाने हे स्वतःच्या डोक्याने आखलं होतं, घरामागे विटा मांडून, मोडून, पुन्हा मांडून. ओल्या सिमेंटवर त्याने बांबूच्या पट्ट्यांचा विणलेला तट्टा दाबला, म्हणून सगळ्या अंगाला वीण उमटली होती. ऊन तिरपं झालं की एकेका पट्टीची सावली पडायची.

नगरपालिकेच्या साहेबांना ते खडबडीत वाटलं. उद्या उद्घाटन, आज गुळगुळीत पांढरं करा, असा हुकूम होता.

“माह्यावर काऊन भडकता, मिस्त्रीभाऊ? मी नाई केलं तं दुसरा येऊन करन.”

“तट्टा धुरपताच्या हातचा होय,” तो म्हणाला.

धुरपता त्याची बायको. दिवाळीआधी गेली. मूलबाळ नाही.

“मंग तट्टा घरी ठेवा न् जपून.”

“तट्ट्याले तेल लावाचं इसरलो बापा. सिमेंटनं धरला, ओढला तं चुरा झाला. तिच्या हातचं आता हेच हाये.”

मी उगाच जवळ जाऊन पाहिलं आणि बोलून बसलो, “इथी तं वीण चुकली. दोन पट्ट्या संगच खालून गेल्या.” जीभ चावली, पण काय उपयोग!

मिस्त्रीने ती जागा बोटांनी चाचपली. “नजर गेली होती तिची. मले सांगे नाई. मी बी म्हनलो, झकास झाला.”

मग त्याने माझ्यापुढे हात केला.

“आन पत्रा. दुसऱ्याचा हात नोको.”

आणि स्वतःच पुट्टी ओढायला लागला. माझ्याहून साफ हात! दुपारपर्यंत सगळं गुळगुळीत झालं. चुकलेल्या विणीची वीतभर जागा तेवढी उरली. मी पुढे झालो, तर त्याने हात आडवा घातला.

“राहू दे थे. साहेबानं इचारलं तं सांगजो, मिस्त्री चुकला.”