अर्धी खाली बसवलेली गाडी

वाटणीत वरचा मजला धाकट्याला गेला, खालचा मला आला, आणि बाबांच्या गाडीपाशी येऊन वकिलाने हात टेकले. गाडी विकायची नाही, यावर आम्हा दोघा भावांचं एकमत होतं. आयुष्यात झालेलं तेवढं एकच. मग तोडगा मीच काढला. बॉनेटपासून डिकीपर्यंत मधोमध, बाहेरून आणि आतूनही, पांढरी चिकटपट्टी लावली. उजवी बाजू त्याची, डावी माझी. स्टिअरिंग त्याच्याकडे गेलं म्हणून लोक मला हसले, पण पेट्रोलचं झाकण डाव्या बाजूला आहे आणि त्याची किल्ली माझ्या खिशात असते. त्यामुळे गेली चार वर्षं आम्ही जिथे गेलो तिथे दोघे मिळून गेलो, एकमेकांशी एक अक्षर न बोलता.

मागच्या सीटवर मधोमध आई बसते. आई समाईक. एक महिना खाली माझ्याकडे, एक महिना वर त्याच्याकडे. महिना संपला की धाकटा येऊन तिला घेऊन जातो, आणून सोडतो. आमचं बोलणंही तिच्यामार्फतच चालतं.

"आई, त्याला सांग, पुढे डावीकडे वळायचंय."

"आई, दादाला सांग, मला रस्ता दिसतोय."

आई कुणालाच काही सांगत नाही. तिला गाडीत डुलकी लागते, नाहीतर लागल्यासारखं ती करते.

गेल्या महिन्यात गुडघ्याच्या डॉक्टरांनी तिला बजावलं की जिना आता बंद. वर राहा नाहीतर खाली, पण कायमचं एका ठिकाणी. आई म्हणाली, "विचार करून सांगते. महिनाअखेरच्या रविवारी." मला ती माझ्याकडे हवी होती. हे मी कुणापाशी बोललो नव्हतो, पण आता बोलतो. ती वर असते त्या महिन्यात मी जेवताना छताकडे बघत बसतो. तिची काठी वाजली की घास गिळतो.

आणि नेमका याच वेळी धाकट्याने गाडी खाली बसवायचा उद्योग काढला. म्हणजे मूळच्या स्प्रिंगा काढायच्या, त्यांच्या जागी आखूड आणि कडक स्प्रिंगा घालायच्या, की गाडी दोन इंच खाली येते. ही हौस पोराटोरांची. आमचा धाकटा एकोणपन्नास वर्षांचा आहे आणि शाळेत भूगोल शिकवतो. चार स्प्रिंगांचा संच आणून त्याने त्यातल्या दोन आपल्या बाजूला बसवून घेतल्या, पुढे एक, मागे एक. उरलेल्या दोन वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या दाराशी ठेवल्या. सोबत चिठ्ठी: तुझ्या बाजूचं तू बघ.

मी बघितलं नाही, पुडकं उचलून डिकीत टाकलं. माझी बाजू कारखान्यातून जशी आली तशीच राहणार होती.

आता गाडी उजवीकडे कलून उभी राहायला लागली. एक पाय आखूड असलेल्या पलंगासारखी. मी माझ्या सीटवर उंचावर, धाकटा खाली. आणि पहिल्याच वळणावर आई घसरत घसरत पांढरी पट्टी ओलांडून त्याच्या सीटच्या मागे जाऊन बसली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हौस वगैरे काही नाही, हा आईला आपल्या बाजूला ओढायचा डाव आहे.

मी गप्प बसणाऱ्यातला नाही. आईच्या उजव्या अंगाला मी एक जाड उशी खोचली. दुसऱ्या दिवशी उशी दाराशी परत आली. पट्टीच्या पलीकडे जाणारा भाग त्याने कात्रीने कापून आपल्याकडे ठेवला होता, कडेला नीट टाके घालून माझा भाग मला दिला होता. टाके सुबक होते, हे मान्य करावं लागेल. मग मी मागच्या डाव्या हँडलला ओढणी बांधून तिचं टोक आईच्या हातात दिलं. आईने त्या टोकाने चष्मा पुसला आणि ते सोडून दिलं. तीन आठवडे ती रोज घसरत होती आणि रविवार जवळ येत होता.

शनिवारी उजव्या टायरांच्या आतल्या कडेला रबर झिजून तारा दिसायला लागल्या. स्टिअरिंग सोडलं की गाडी आपली आपण उजवीकडच्या दुकानांत शिरायला बघायची. अलाइनमेंट, म्हणजे चाकं एका रेषेत करून घेण्यावाचून इलाज नव्हता. अलाइनमेंटवाला शहराच्या टोकाला, गोदामाएवढ्या शेडमध्ये बसतो. देवाने माणूस केला तोच ओळंब्याला लावून केला असावा, इतका सरळ. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, पट्टीकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"एका बाजूलाच खाली केलीय?"

"आई, त्यांना सांग," धाकटा म्हणाला, "माझी बाजू मी केली."

"आई, त्यांना सांग, माझी बाजू मला करायची नाही."

अलाइनमेंटवाल्याने आईकडे बघितलं. आई काचेतून बाहेर बघत होती.

"हे बघा," तो म्हणाला, "चाकं सरळ करायची तर आधी गाडी सरळ उभी पाहिजे. एक तर त्या बाजूला जुन्या स्प्रिंगा घाला, नाहीतर या बाजूला नव्या. अशी तिरपी गाडी मी मशीनवर घेत नाही. मला तोंड दाखवायचंय लोकांना."

धाकट्याने आपल्या जुन्या स्प्रिंगा भंगारात देऊन टाकल्या होत्या. म्हणजे हट्ट सोडायची पाळी माझी. एरवी मी गाडी तिथेच सोडून चालत घरी आलो असतो. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असं आई आम्हा दोघांबद्दल म्हणते आणि ते खरं आहे. पण मागे बघितलं तर ती पार दाराला टेकली होती, त्याच्या दाराला. रविवार उद्यावर आला होता. गाडी सपाट झाली तर निदान आजचा परतीचा रस्ता ती मधे बसून येईल, असा मी हिशेब केला. डिकीच्या माझ्या अर्ध्या भागात वर्तमानपत्राचं पुडकं तीन आठवडे पडून होतं. ते काढून मी अलाइनमेंटवाल्याच्या हातात दिलं.

"घाला," मी म्हणालो.

तीन तास गेले. आम्ही बाकावर बसलो, मधे आई. स्प्रिंगा बसल्यावर अलाइनमेंटवाल्याने गाडी मशीनवर चढवली, चारही चाकांना चिमटे लावले आणि आमच्याकडे वळला.

"आता आत बसा. रोज बसता तसेच. रिकाम्या गाडीचं माप मी घेत नाही, गाडी रिकामी कोण चालवतं? आणि बसल्यावर हलू नका."

आम्ही बसलो. त्याने डॅशबोर्डवर पट्टीच्या बरोबर मधे सपाटी दाखवणारी पाण्याची नळी ठेवली. तिच्यातला बुडबुडा मधोमध येऊन थांबला. गाडी सपाट होती, टेबलासारखी. मी आरशातून मागे बघितलं.

आई उजवीकडेच होती. धाकट्याच्या सीटला खांदा लावून.

"आजी, मधे या," अलाइनमेंटवाला म्हणाला.

"मधेच आहे की," आई म्हणाली.

त्याने पुन्हा बुडबुडा तपासला, मग आईला तपासलं. "आजींना सरळ करायची सोय माझ्याकडे नाही," असं म्हणून त्याने पाना घेतला आणि तो गाडीखाली गेला. स्क्रीनवरचे आकडे एकेक करून लालाचे हिरवे झाले. मला फार वाईट वाटलं. तीन आठवडे मी स्प्रिंगांवर खापर फोडत होतो आणि स्प्रिंगांचा काही दोष नव्हता.

परतताना गाडी सुतासारखी सरळ धावली. कुणी कुणाला काही सांग म्हटलं नाही. घरासमोर उतरल्यावर आई म्हणाली, "उद्या कशाला, आजच सांगते. मी वर राहणार."

"माहीत होतं," मी म्हणालो. "त्याच्याकडेच राहणार तू. लहानपणापासून तेच. तुझं जिन्याचं काय? एकदा वर गेलीस की खाली येणं नाही, कळतंय ना तुला?"

"कळतंय. म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

"मी खाली असते तेव्हा हा रोज संध्याकाळी खाली येतो. माझ्याजवळ बसतो. तू तेव्हा बाहेर चक्कर मारायला जातोस, पण तो येतो. मी वर असते तेव्हा तू एकदाही आला नाहीस. चार वर्षं झाली. मी खाली राहिले तर तू वर कशाला येशील?"

धाकटा गाडीचं दार उगाचच पुन्हा पुन्हा लावून बघत होता. मला राग आणायचा होता, पण हाताशी सापडेना.

"चल, धर मला," आई म्हणाली. त्याला नाही, मला.

सोळा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला ती थांबली आणि प्रत्येक वेळी तिने सगळा भार माझ्यावर टाकला. ती इतकी जड असेल असं मला वाटलं नव्हतं. धाकटा तिची पिशवी घेऊन मागून येत होता. त्याच्या दारात मी थबकलो, तेव्हा मागून तो म्हणाला, "दादा, चपला आत काढ, बाहेर कुत्रा नेतो." थेट मलाच म्हणाला. मी चपला आत काढल्या.

आईला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. तिने दम खाल्ला, पदराने कपाळ टिपलं आणि माझ्याकडे बघितलं.

"माझा चष्मा खालीच राहिला बघ. उद्या घेऊन ये."

चष्मा तिच्या नाकावर होता.

"आणतो," मी म्हणालो.