भिंतीपलीकडचा आवाज

"डोळे मिटा," म्हणत संमोहनाच्या डॉक्टरीणबाईंनी खुर्चीची पाठ मागे कलती केली. "आता तुम्ही नदीकाठी बसला आहात."

बॉयलरवाल्याने डोळे मिटले, मुठी मात्र सोडल्या नाहीत. साहेबांवर ओरडला म्हणून त्याला इथे धाडलं होतं. सहा बैठका, मग राग शांत झाल्याचा दाखला, मग काम. तोवर इस्पितळाच्या बॉयलरखोलीत पाऊल टाकायचं नाही, लाँड्रीतला कुणीतरी बॉयलर बघेल. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

आज शेवटची बैठक होती. बाई कधी उपदेश करत नसत, गोष्ट सांगत. आधीच्या पाच वेळा गाढवावरचं ओझं झालं, गाठी पडलेला दोर झाला. गोष्टीतलं ओझं उतरलं की ऐकणाऱ्याचेही खांदे सैल पडतात, असा त्यांचा अनुभव. याचे खांदे काही पडेनात.

"नदीला पूर आलाय," बाई हळू आवाजात सांगू लागल्या. "ते पाणी म्हणजे तुमचा राग. वर एक बांध आहे. तुम्ही बांधाचं दार बंद करता. पाणी थांबतं. ऐका, किती शांत आहे."

त्याने ऐकलं आणि खाडकन डोळे उघडले.

"बाई, तो आवाज कुठे गेला?"

"कुठला आवाज?"

"वाफेचा! या भिंतीमागे माझा बॉयलर आहे. पाचही वेळा इथे बसून ऐकलाय मी."

"अच्छा, ते फुसफुसणं! परवा बंद झालं एकदाचं." बाईंच्या बोलण्यात समाधान होतं. "मी दोनदा लेखी तक्रार केली होती. गोष्ट रंगात आली की पेशंटची तंद्री मोडायची."

तो उठून उभा राहिला.

"तक्रार तुमची होती? म्हणून साहेब मला सेफ्टी व्हॉल्व्ह पिळून बंद करायला सांगत होते! दाब आवरणारं यंत्र बिघडलंय, नवं मागवा, असं मी चारदा घसा फोडून सांगितलं. तोवर जादा वाफ त्या व्हॉल्व्हमधून निघत होती म्हणून सगळे जिवंत होते. मी नाही म्हणालो, तर माझंच डोकं फिरलेलं! पलीकडे बारा बायका इस्त्री करतात, माझी वहिनी आहे त्यांत. आणि तुम्ही मला दार बंद करायच्या गोष्टी सांगता?"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी खुर्चीवरची ओढणी उचलली.

"चला. तुम्हाला अडवलं तर मी बोलते."

बॉयलरखोलीत दाबाचा काटा तांबड्या रेषेच्या पुढे गेला होता. बदली माणूस जवळच स्टुलावर चहा पीत बसला होता. बॉयलरवाल्याने आधी बर्नर बंद केला आणि इस्त्रीच्या दालनाकडे धावला.

"वहिनी, सगळ्यांना घेऊन बाहेर पळा!"

"अहो भावजी, चादरी जळतील!"

"जळू देत!"

काटा रेषेखाली यायला बराच वेळ लागला. बाई दाराशीच थांबल्या होत्या. तो जा म्हणाला, तरी त्या गेल्या नाहीत. मग त्याने पाना घेऊन व्हॉल्व्हचा पिळलेला स्क्रू पूर्वीच्या खुणेवर आणला.

"दाखला?" हात पुसत त्याने विचारलं. "की अजून सहा गोष्टी?"

बाई आपल्या खोलीत परतल्या. त्यांनी त्याचा कागद पुढे ओढला. 'रागाचं कारण' या रकान्यात पहिल्याच दिवशी त्यांनी 'स्वभाव' असं लिहून ठेवलं होतं, त्याच्याशी धड बोलण्याआधीच. तो शब्द त्यांनी कागद फाटेल इतका जोर लावून खोडला. 'माझी तक्रार आणि साहेबांचा हुकूम,' असं वर लिहिलं.

खाली 'उपचार' हा रकाना होता. त्यात त्यांनी लिहिलं, 'यंत्र ताबडतोब बदलावं. तोवर यांचा राग आहे तसा राहू द्यावा.'